आधी पोट, मग लाटा : त्रिनिदाद आणि टोबॅगोचा बेत

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडायला लागली की टोरांटो आणि न्यू जर्सीकडच्या आपल्या मंडळींचे एकमेकांना फोन सुरू होतात. यंदा कुठलं बेट? मग कुणीतरी एखादं हॉटेल सुचवतं. तिथं खाणंपिणं सगळं भाड्यातच धरलेलं असतं, मनगटावर एक पट्टी बांधतात आणि त्या पट्टीच्या जोरावर सकाळ-संध्याकाळ तोच बुफे जेवायचा. आठवडा संपतो, माणूस काळवंडून परत येतो, पण त्या बेटावरची माणसं काय खातात ते त्याला कळलेलंच नसतं. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी खुशाल जावं. मी आज बोलणार आहे ते खाण्यासाठी प्रवास करणाऱ्यांशी, आणि बेट निवडलंय त्रिनिदाद. सोबतीला त्याचं धाकटं भावंड, टोबॅगो.

बेत आखायला बसाल तेव्हा हॉटेल शोधू नका. आधी एक कागद घ्या आणि त्यावर खाण्याच्या वेळा लिहा. त्रिनिदादमध्ये प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे, बऱ्याचदा जागा आणि वारही ठरलेला आहे. दुपारी बारा वाजता उठून डबल्स, म्हणजे तिथला गाडीवरचा सकाळचा नाश्ता, कुठे मिळतील म्हणून फिरलात तर बहुतेक गाड्या आवरून गेलेल्या असतील. समुद्राचं तसं नाही, तो दिवसभर तिथंच असतो. म्हणून जेवणाच्या वेळा पक्क्या करायच्या आणि उरलेल्या फटींत समुद्र बसवायचा.

आता हे बेट आहे तरी कुठे? कॅरिबियन बेटांची माळ दक्षिणेला जिथं संपते तिथं, व्हेनेझुएलापासून अगदी जवळच्या टोकाला फक्त ११ किलोमीटरवर. ओरिनोको नदी आपला गाळ घेऊन तिथंच जवळ समुद्राला मिळते. त्यामुळे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजूचं पाणी गढूळ असतं, आणि पोस्टकार्डावरची निळाई मनात धरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी नाराज होतो. तेव्हा आधीच सांगून ठेवते : खायचं त्रिनिदादमध्ये, डुंबायचं टोबॅगोत. बेताचा पहिला भाग मोठ्या बेटावर, दुसरा धाकट्यावर.

त्रिनिदादमध्येच एवढं खायला का, तर त्याला इतिहास कारण आहे. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. तेव्हापासून १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं करारावर तिथं गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. आज ३० मे ही तिथं सरकारी सुट्टी असते. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचं जेवण आधीपासून होतंच, त्यात चिनी, पोर्तुगीज, सीरियन, व्हेनेझुएलाचे लोक मिसळले. यातून जे तयार झालं त्याला भारतीय जेवण म्हणता येत नाही आणि परकंही म्हणवत नाही. भाजी, बैंगन, आलू, गीरा (म्हणजे जिरं) हे शब्द तिथली आफ्रिकी वंशाची आजीही सहज वापरते.

पहिली सकाळ डबल्सची. विमान रात्री उतरलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा, आळस नको. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या चकत्या, त्यांना बारा म्हणतात. त्यावर काबुली चण्याची सरबरीत आमटी, वर काकडी, चिंचेची किंवा आंब्याची चटणी, आणि शाडो बेनी. ही कोथिंबिरीच्या वासाची पण लांब, दातेरी पानांची वनस्पती आहे, आणि तिथं तिच्यावाचून पान हलत नाही. हे सगळं कागदात गुंडाळून हातावर येतं. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउन या दक्षिणेकडच्या गावात हा पदार्थ सुरू झाला असं मानतात. आज मंत्र्यापासून रिक्षावाल्यापर्यंत, छे, तिथं रिक्षा नाहीत, मॅक्सी टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे एकाच गाडीभोवती उभे राहून खातात.

गाडीवर टोकन वगैरे काही नाही. किती हवेत आणि तिखट किती, एवढंच सांगायचं. एक संपला की दुसरा मागायचा आणि पैसे शेवटी द्यायचे. कुणी किती खाल्ले हे विक्रेत्याच्या ध्यानात असतं, आणि गर्दी कितीही असली तरी ते सहसा चुकत नाही. किंमत एका अमेरिकन डॉलरच्या आसपास. आता तिखटाचं. 'स्लाइट', म्हणजे अगदी थोडं, म्हणा. मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांत कोल्हापूरचे, नागपूरचे बरेच जण असतील आणि त्यांना यात अपमान वाटेल. पण याच बेटाच्या दक्षिणेला मोरुगा नावाचा भाग आहे. तिथल्या मोरुगा स्कॉर्पियन मिरचीला २०१२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. अभिमान दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

सकाळची वेळ चुकलीच तर रात्र आहे. सेंट जेम्स आणि क्युरेप या भागांत उशिरापर्यंत गाड्या लागतात.

एक दिवस दक्षिणेचा काढा. वाटेत कारापिचैमाला दत्तात्रेय मंदिर आहे, आणि त्याच्या आवारात ८५ फुटी हनुमान उभा आहे. गाणगापूर आणि नरसोबावाडी करणाऱ्या माणसाला कॅरिबियनमध्ये दत्ताचं देऊळ भेटावं, याचं मला अजून नवल वाटतं. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधायला घेतलं. ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. तेव्हा त्याने ठरवलं, जमीन तुमची तर समुद्र तर कुणाचा नाही? आणि सायकलवरून सामान वाहत त्याने पाण्यातच भर टाकून देऊळ उभं केलं. आज दिसतं ते बांधकाम सरकारने १९९५ मध्ये नव्याने उभारलेलं.

संध्याकाळी डेबे गाठा. रस्त्याच्या कडेला दुकानांची ओळ आहे आणि त्यात फुलौरी, कचौरी, आलू पाय, सगळं कढईतून निघालेलं. पण तुम्ही सहीना मागा. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेला हा प्रकार आहे. म्हणजे आपली अळूवडी. गुजरातेत पात्रा, बिहार-उत्तर प्रदेशात रिकवच, आणि तिथून जहाजात बसून डेबेला सहीना. गूळ-चिंच आत नसते, आंबटगोड चटणी वरून येते. मला आपलीच जास्त आवडते, पण ताटात शिल्लक मी तीही ठेवलेली नाही.

एक अडचण सांगून ठेवते. याच वाटेवर कॅरोनीची खारफुटी आहे. संध्याकाळी तिथं लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी झाडांवर उतरतात. तो तिथला राष्ट्रीय पक्षी. नावा दुपारी चारच्या सुमाराला निघतात आणि अंधार पडताना परततात. म्हणजे कॅरोनी आणि डेबे एकाच संध्याकाळी नीट होत नाहीत. दोन वेगळ्या संध्याकाळी ठेवा. एकच हाताशी असेल तर पक्षी निवडा, सहीना दिवसाही मिळते.

मराकसचा किनारा दुपारसाठी. पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगरातून वळणावळणाने जाणारा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधला. राजधानीजवळच्या शागरामासचे किनारे त्यांनी तळासाठी घेतले होते, त्याची ही भरपाई. वाटेत एका वळणावर दरी आणि समुद्र दिसतो, तिथं थांबा आणि अननसाचा चाऊ घ्या : फोडींना मीठ, लसूण, लिंबू, शाडो बेनी आणि मिरची चोळलेली असते. खाली किनाऱ्यावर सगळे रांग लावतात ते 'बेक अँड शार्क'साठी. तळलेल्या फुगीर पावात तळलेला मासा आणि वर हव्या तेवढ्या चटण्या, कोबी, अननस आपल्या हाताने घालायचं. चव उत्तम. पण शार्कची जगभर बेसुमार मासेमारी झाली आहे, आणि त्याच टपऱ्यांवर दुसरे मासेही मिळतात. मी तेच मागते. चटण्या त्याच असतात, आणि खरी गंमत चटण्यांतच आहे. लाटा तिथं जोरदार असतात, पाण्याला ओढही असते. लाल झेंडा लावलेला असेल तर पायही बुडवू नका.

रविवार मोठ्या बेटावरच येईल असा बेत करा. तिथलं रविवारचं जेवण म्हणजे कलालू, मॅकरोनी पाय, भात, घेवडा आणि साखर करपवून त्यात परतलेलं कोंबडीचं स्ट्यू. कलालू पुन्हा अळूचीच, पण इथं ती भेंडी आणि नारळाच्या दुधात शिजवून घोटलेली असते, आणि बऱ्याचदा तिच्यात खेकडा असतो. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. तसं त्रिनिदादमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. डबल्सच काय, रोटीच्या दुकानांत डाळपुरीबरोबर भोपळा, चणे, बटाटा, भाजी कायम असते. टोबॅगोत मात्र शोधावं लागतं.

रविवारी शहर सुस्त असतं. तेव्हा क्वीन्स पार्क ओव्हलवरून एक चक्कर मारा, बाहेरूनच का होईना. मार्च १९७१ मध्ये याच मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि सुनील गावसकरांचं पदार्पण. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, याच मैदानावर, गावसकरांनी १२४ आणि २२० केले. तिथल्या एका कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणं रचलं. वयस्कर टॅक्सीवाला भेटला आणि तुम्ही मुंबईहून आलात असं म्हणालात, तर पुढचा अर्धा तास त्याचाच असतो.

सोमवारी टोबॅगो. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं, बोटीने तीन ते चार तास. बोट स्वस्त आहे, पण ज्यांना समुद्र लागतो त्यांनी पैशांकडे पाहू नये. तिथं पोचलात की स्टोअर बेला जेवा : खेकड्याचा रस्सा आणि पिठाचे जाड डम्पलिंग. हे काट्याचमच्याने जमत नाही, पांढरा शर्ट घालून तर अजिबात बसू नका. बक्कू रीफची काचेच्या तळाची बोट घेतलीत की प्रवाळ दिसतात. पुढे ती बोट नायलॉन पूलला थांबते, म्हणजे भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्याची पांढरी वाळू. आता डुंबा हवं तितकं.

गर्दी नको असेल तर उत्तर किनाऱ्याला कॅस्टाराकडे जा. तिथं अजून कोळी मोठं जाळं टाकून दोन्ही बाजूंनी किनाऱ्याकडे ओढतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्याला रापण म्हणतात, हुबेहूब तेच. कुणीही दोरीला हात लावू शकतं. थोडं पुढे इंग्लिशमन्स बे, मागे मेन रिजचं जंगल. ते १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे. किनाऱ्यावर पावसात झाडाखाली उभं राहण्याआधी मात्र झाड पाहा. मँचिनील नावाच्या झाडाला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. ती विषारी असतात, आणि पानांवरून ओघळलेलं पाणीसुद्धा कातडी भाजतं. बऱ्याच ठिकाणी खोडांवर खूण केलेली असते.

केव्हा जायचं? जानेवारी ते मे कोरडा हंगाम. ॲश वेन्सडे, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार, त्याच्या आधीचे सोमवार-मंगळवार कार्निव्हलचे, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात आणि सगळं शहर रस्त्यावर नाचत असतं. खायलाच यायचं असेल तर तो आठवडा टाळा. ईस्टरला टोबॅगोची तिकिटं फार आधी संपतात. मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं ग्रांद रिव्हिएरला अंडी घालायला येतात, पण तिथं रात्री मुक्काम करावा लागतो आणि परवानाही काढावा लागतो. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या ही बेटं दक्षिणेला आहेत. तरी १९६३ च्या फ्लोराने टोबॅगो उद्ध्वस्त केलं होतं, हे विसरू नये.

थोडं रुक्ष पण लागणारं. राजधानीच्या काही वस्त्यांत गुन्हेगारी आहे, २०२४ च्या अखेरीस तर सरकारने आणीबाणीही जाहीर केली होती. त्यामुळे निघण्याआधी ताज्या सूचना वाचा, आणि रात्री हॉटेलने सांगितलेल्याच टॅक्सीने फिरा. लष्करी छापाचे कपडे घालायला तिथं कायद्याने बंदी आहे, लहान मुलांची चड्डीसुद्धा बॅगेत नको. भारतातून जाणाऱ्यांनी, किंवा तिथून थेट भारतात येणाऱ्यांनी, पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घेऊन पिवळं कार्ड जवळ ठेवावं. त्यावाचून मुंबईत उतरलात तर विलगीकरणात बसवू शकतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. न्यूयॉर्क आणि टोरांटोहून थेट विमानं आहेत, पाच तासांच्या आसपास.

परतीचं विमान पियार्कोहून, म्हणजे त्रिनिदादच्या विमानतळावरून असतं. टोबॅगोहून त्याच दिवशी येऊन ते गाठायचा हट्ट करू नका, आदल्या संध्याकाळी मोठ्या बेटावर या. त्या संध्याकाळी राजधानीतल्या क्वीन्स पार्क सवाना या मोठ्या मैदानाच्या कडेला मक्याचं सूप आणि शहाळं मिळतं, आणि बाजारातून कुचेला घ्यायलाही वेळ राहतो. कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं तिथलं लोणचं. ते आणि मिरचीचा सॉस, दोन्ही बाटल्या मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिल्या तर तपासणीला काढून घेतात.

नमस्कार.