मामा तलावाचा तळ

(दृश्य: पहाट. तलावाच्या पाळीवरून जाणारी एक सायकल. पाण्यावर धुकं.)

याला म्हणतात मामा तलाव. कुणाचा मामा, असं विचारू नका. सरकारी कागदांवर ‘माजी मालगुजारी तलाव’ असं लिहिलेलं असायचं; दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर उचललं आणि झाला मामा! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात असे तलाव हजारोंनी आहेत. नाव मालगुजाराचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं, लागलं असलं, तरी त्यातले कितीतरी गोंड राजवटीतले.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा शिरस्ता सरळ होता. जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याला इनाम. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तिथे ऑटोनं उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

तलाव बांधावेत तर इथल्या कोहळी समाजानंच. पाणी कुठून उतरेल, कुठे अडेल, हे त्यांना जमिनीकडे बघून कळायचं. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. चहूकडे डोंगर. मधल्या फटी तेवढ्या मातीच्या पाळीनं बुजवल्या, उरलेली भिंत डोंगरांची. नाव पाटलांचं राहिलं. टोपल्यांनी माती वाहणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

(दृश्य: बांध्यांमध्ये उभा धान. भेगाळलेली माती.)

पाऊस तर इथे भरपूर पडतो. मग तलाव कशाला? धानासाठी. पावसाळा सरता सरता पावसानं पंधरा दिवस दडी मारली की बांधीला भेगा पडतात, आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान गर्भात असतो तो नेमका तेव्हाच. त्या एका पाण्यावर वर्षाचं पोट अवलंबून. ते पाणी तलाव द्यायचा.

उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ निघायचा आणि बैलगाडीनं शेतात जायचा. शेताला खत मिळायचं, तलाव मोकळा व्हायचा. एका खेपेत दोन कामं.

1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. पण पाळ फुटली तर कुणी धावायचं, हे कायद्यात बसलं नाही. पुढे युरियाची गोणी आली आणि गाळाला कुणी विचारेना. काठावर बेशरम नावाची झुडपं माजली. मासे जास्त मिळावेत म्हणून रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडलं, कुठे गवत्या मासाही सोडला. हा गवत्या नावाला जागणारा! पाण्यातल्या वनस्पती त्यानं फस्त करायला घेतल्या.

(दृश्य: कोरड्या तलावात जेसीबी. मग आवाज बंद.)

आता तलाव दुरुस्त करायचा म्हटलं की आधी जेसीबी येतो. खोल खणा, जास्त पाणी मावेल. हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. तलाव म्हणजे हौद नव्हे. काठाचा सावकाश उतरत जाणारा उथळ भाग खरवडला, की तिथली रोपं जातात. त्या रोपांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्लं वाढतात, पक्षी चरतात. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदियातच उरला आहे, तोही अशा दलदलीच्या आणि धानाच्या जोरावर.

हे सगळं ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, माहीत होतं. त्यांना विचारलं मात्र कुणी नव्हतं. मरळ कुठल्या पाण्यात सापडेल, कुठलं पाणगवत कुठल्या माशाला लागतं, कुठल्या वनस्पतीचा कंद माणसानं खायचा, हे त्यांच्या घरात आजीकडून नातवाकडे आलेलं. अर्जुनी मोरगावचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवरांजवळ बसले, ते हे ऐकायला. त्यातून दुरुस्तीची जी रीत निघाली, ती कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात सापडणार नाही.

आधी बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापली तर पुन्हा फुटते. मग आटलेल्या तलावाचा तळ चक्क नांगरायचा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेली माती मोकळी झाली, तरच रोपं मूळ धरतात. बीज सोडताना गावठी माशांसाठी जागा ठेवायची. आणि रोपं आणायची ती जवळच्या एखाद्या तलावातून, जिथे ती अजून तग धरून आहेत. कुठलं रोप उथळात आणि कुठलं खोलात, हे ठरवायला ढिवर बायका पुढे.

(दृश्य: आषाढाचं आभाळ. तलावात उतरणाऱ्या बायका.)

पहिल्या पावसाचं पाणी गुडघ्याला लागलं, की त्या ओळीनं आत शिरतात. पदर खोचलेला, हातात रोपांची जुडी. वाकतात, चिखलात बोटं रुततात, एक रोप उभं राहतं, एक पाऊल मागे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, धानाचीच रोवणी चाललीय.