मान मोडून घेण्याआधी संधिवात कुठला ते विचारा

नमस्कार मंडळी. हल्ली सांगली-मिरजेचे पेशंट मोबाइल पुढे करतात. व्हिडिओत माणूस पालथा झोपलेला, पाठीवर दाब, कडकन आवाज, आणि तो हसत उठतो. “डॉक्टर, माझा गुडघा असा एका झटक्यात बरा होईल का?”

ही कायरोप्रॅक्टिक पद्धत. 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी ती सुरू केली, म्हणजे जवळपास आपल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या वयाची. आणि तो कडकन आवाज? सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब घटतो, वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नाही.

गुडघ्याची झीज झालेल्यांना मी स्पष्ट सांगतो, झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झटक्यानं परत येत नाही. आखडलेले स्नायू मोकळे होतात, चार दिवस बरं वाटतं, हे खरं. कंबरदुखीत काहींना फायदाही होतो, साधारण व्यायामानं होतो तेवढाच. पण गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये ठाम शिफारस केली ती व्यायामाची, वजन कमी करण्याची आणि गरज असेल तर काठीची. हातानं सांधे हलवण्याच्या उपचारांची शिफारस त्यांनी केली नाही.

आता आमवाताकडे वळतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. सकाळी बोटं तासभर आखडलेली, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, असा हा आजार. तो मानेतही शिरतो. मानेचा पहिला मणका कड्यासारखा असतो. दुसऱ्या मणक्याचा सुळका त्या कड्यात असतो आणि एक घट्ट पट्टा त्याला धरून ठेवतो. त्या सुळक्याच्या मागेच मज्जारज्जू. आमवाताची सूज हा पट्टा कुरतडते. वरून काही दिसत नाही, कधीकधी दुखतही नाही. अशा मानेला कुणी झटका दिला तर मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आमवाताच्या माणसानं मान कुणाच्याही हातात देऊ नये. दाढी-कटिंगनंतर मान मोडून देतात, तिथेही नाही. मान वाकवल्यावर पाठीत करंट गेल्यासारखं वाटलं, बोटांना मुंग्या येऊन शर्टाचं बटण लागेना, चालताना पाय अडखळू लागले, तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. मान वाकवून आणि सरळ ठेवून एक्स-रे काढतात. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आमवात असल्याचं सांगा.

तरण्या पोरांमध्ये पाठीचा कणा हळूहळू जुळून ताठ होणारा एक संधिवात असतो. तो कणा झटक्यानं मोडू शकतो. हाडं ठिसूळ झालेल्या आयाबायांचंही तसंच.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी सरकारी कौन्सिल नाही. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा, हात लावण्याआधी तो माणूस काय विचारतो ते बघा. कुठला संधिवात, कुठल्या गोळ्या, एक्स-रे आहे का, हे न विचारता टेबलावर झोपा म्हणाला तर उठून या. आमवातासाठी आठवड्याला घ्यायचं मेथोट्रेक्सेट हे औषध बंद करा म्हणाला, तरीही.

हळदीच्या रानात दिवसभर उकिडवं बसून भांगलण करणाऱ्या मावशींना “खाली बसू नका” म्हणून भागत नाही, हे मला ठाऊक आहे. मधून मधून उभं राहा, जमेल तिथे लांब दांड्याचं खुरपं घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार कमी होतो.

आता खुर्चीत मागे टेकून बसा. उजवा पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा. श्वास रोखू नका. दहा वेळा झालं की डावा. मावशी, गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर होईल तेवढाच करा. हं, चला, एक...