वरातीत ऐकू येणारे नाव

(दृश्य : दारव्ह्याकडून दिग्रसकडे जाणारा रस्ता, एप्रिलची संध्याकाळ. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली शेते. लांबून फक्त ठोका ऐकू येतो.)

यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात लग्नसराईच्या दिवसांत वरात डोळ्यांना दिसण्याआधी पायांना कळते. खालच्या पट्टीतला, पन्नास हर्ट्झच्या आसपासचा ठोका भिंती आणि बांध ओलांडून कोसभर पोचतो, तर गाण्याचे शब्द आणि वरचे सूर वाटेतच विरून जातात. त्यामुळे आधी घरावरचे टिनपत्रे थरथरू लागतात, मग कुत्री भुंकतात, आणि स्पीकर लादलेली पिकअप गाडी वेशीत शिरल्यावर कुठे गाणे कोणते ते ओळखू येते. त्याच वेळी गाण्याच्या मधोमध एक भारदस्त आवाज एका माणसाचे नाव उच्चारतो. रिमिक्सच्या धंद्यात या उच्चाराला टॅग म्हणतात. दर तीस-चाळीस सेकंदांनी येणारा हा टॅग नाचणाऱ्या पोरांना तोंडपाठ असतो आणि ती त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडतात.

ज्याचा हा टॅग आहे, त्या माणसाच्या कारकिर्दीची ही गोष्ट आहे. त्याचे नाव मात्र या निवेदनात आम्ही घेणार नाही. त्याच्या जुन्या रिमिक्सपैकी बहुतेक दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांवर उभे आहेत आणि त्यांची परवानगी कधी घेतलेली नाही. नाव सांगू नका, अशी विनंती त्याने स्वतःच केली. गावोगावी रोज पुकारले जाणारे नाव कागदावर लिहिता येऊ नये, ही गोष्ट चित्रीकरणाच्या सगळ्या दिवसांत आम्हाला बोचत राहिली.

(दृश्य : मंडप डेकोरेशनचे जुने गोदाम. गंजलेले चोंगे, तारांची वेटोळी, सोल्डरिंग आयर्न.)

त्याच्या वडिलांचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. लग्नाच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून चोंगे न्यायचे, कडुनिंबाच्या फांदीला बांधायचे आणि कॅसेट लावून द्यायची, एवढेच काम मुलाच्या वाट्याला येत असे. जळलेला अँप्लिफायर उघडून त्यातला ट्रान्झिस्टर बदलणे तो सातवी-आठवीत शिकला. संगीताचे शिक्षण त्याला कधीही मिळाले नाही, परंतु आवाज कोणत्या तारेतून येतो आणि कुठे अडतो, हे त्याच्या हातांना ठाऊक झाले होते.

येथे थोडे दूर जाणे आवश्यक आहे. जमैकातल्या किंग्स्टन शहरात किंग टबी या नावाने ओळखला जाणारा एक माणूस रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करत असे. त्याची स्वतःची स्पीकरांची यंत्रणा होती आणि रस्त्यावरच्या नाचांसाठी ती लावली जाई. १९७० च्या दशकात त्याने तयार गाण्यांमधला गायकाचा आवाज काढून टाकून, फक्त ढोल आणि बेस, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीतले सूर, पुढे आणून, त्यांवर प्रतिध्वनीचे थर चढवून त्या गाण्यांना नवे रूप दिले. त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन याने तीन मिनिटांची गाणी नाचणाऱ्यांसाठी लांबवली आणि त्यातून १२ इंची तबकडीचा जन्म झाला. शिकागोच्या वेअरहाउस क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवू लागला, आणि पुढे ज्याला हाउस म्हटले गेले ते सरळ चार ठोक्यांचे नाचाचे संगीत तेथे रुजले. जगभरातल्या रिमिक्सचा इतिहास या तिघांच्या नावांशिवाय सांगता येत नाही. त्यांतला पहिला माणूस हाती सोल्डरिंग आयर्न असलेला दुरुस्तीवाला होता, हे दारव्ह्याजवळच्या या गोदामात उभे राहिल्यावर विशेष जाणवते. आपल्याकडेही १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची सूर आणि ठोके काढणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले होते. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशांतले जाणकार चकित झाले.

आमच्या रिमिक्सकाराला यांपैकी एकही नाव माहीत नव्हते. त्याच्या कानावर होते ते नागपूरकडच्या धुमाल पथकांचे वादन, उरुसातल्या संदलचे ताशे, भीमजयंतीच्या मिरवणुकीतली गाणी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर होळीला म्हटली जाणारी लेंगी गीते. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचे दिवस होते. दुकानदाराकडे संगणक होता आणि त्यात एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर होते. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने काढलेले हे सॉफ्टवेअर भारतातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी इतके आपलेसे केले, की त्याची कामाची फाइल, एफएलपी, हीच त्यांच्यात देण्याघेण्याची वस्तू झाली. पोरे आपापल्या एफएलपी एकमेकांना देतात, विकतात, उघडून बघतात आणि दुसऱ्याने ठोका कसा रचला ते शिकतात. त्याची शाळा तीच.

(दृश्य : पडद्यावर ध्वनीच्या लहरी. कुलरचा आवाज बंद होतो.)

रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्याला ठोका चिकटवणे, असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. जुनी गाणी ढोलकीवाला आणि गायक समोरासमोर बसून गात असत. मिनिटाला ९८ मात्रांनी सुरू झालेले गाणे रंगात येता येता १०५ वर जाते, आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याचा जीवही त्याच वेगाने वर चढत असतो. संगणकाचा ठोका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभरही हलत नाही. दोन्ही एकत्र ठेवले, की दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणे पुढे आणि ठोका मागे राहतो. म्हणून गाण्याचे शब्दाशब्दाने तुकडे करावे लागतात, प्रत्येक तुकडा ताणून किंवा आवळून ठोक्यावर बसवावा लागतो, आणि तो ताणताना आवाज रबरासारखा वाटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. एका गाण्याला कधी दोन रात्री लागतात, कधी आठ. केरवा तालाच्या आठ मात्रा हाउसच्या चार ठोक्यांत सहज मावतात, पण दादरा तालाच्या सहा मात्रांना चारांत कोंबले, की गाण्याचा झोका जातो. अशा गाण्यांत तो ठोक्यालाच तीन-तीनच्या चालीने चालवतो. त्याच्या दादऱ्यावर म्हाताऱ्याही नाचतात, असे गावात सांगतात, आणि आम्ही ते पाहिले आहे.

पूर्वी मूळ गाण्यातून गळा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होते. खालचे आणि वरचे सूर छाटून, उरलेल्यावर नवा ठोका इतका जोरात ठेवायचा की जुनी ढोलकी झाकली जाईल, हाच उपाय असे. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचे साधन सर्वांसाठी खुले केले आणि गळा, ढोल, बेस वेगवेगळे होऊ लागले. त्या दिवसापासून काम सोपे झाले, पण ज्याचे कान तयार नव्हते त्याचे रिमिक्स त्यामुळे चांगले झाले नाही, हे त्याचे म्हणणे आम्हाला पटले.

बेस आणि ठोका एकाच जागी आले, तर अठरा इंची स्पीकर दोन्हींना न्याय देऊ शकत नाही आणि नुसता घोंगाट उरतो. म्हणून प्रत्येक ठोक्याच्या क्षणी बेस किंचित दबेल आणि लगेच वर येईल, अशी योजना करतात. वरातीतल्या माणसाला जो धक्का छातीत जाणवतो, तो याच दबण्या-उठण्याचा असतो. घरातल्या हेडफोनवर याचा अंदाज येत नाही. तयार ट्रॅक तो पेनड्राइव्हमध्ये घालून मित्राच्या पिकअपवर, गावाबाहेरच्या माळावर वाजवून बघतो, आणि परत येऊन पुन्हा बदलतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की लॅपटॉप बंद पडतो, आणि आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर कुलर बंद करून टिनपत्र्याखाली घाम पुसत बसावे लागते.

तुळशीचे लग्न लागले की त्याचा हंगाम सुरू होतो. नवरदेवाचे नाव घालून केलेला खास ट्रॅक, साउंड वाल्यांसाठी गाडीच्या नावाचा टॅग, स्पर्धेत यंत्रणेचा जोर दाखवण्यासाठी लावायचे साउंड चेक ट्रॅक, अशी कामे येतात. पावसाळ्यात काम थांबते, पोळा आणि गणपतीला थोडे फार परत सुरू होते. कापसाला भाव नसला, तर वरातीतली गाडी आधी लहान होते आणि मग रद्द होते. बोंडअळीचे वर्ष गावाइतकेच त्यानेही सोसले आहे.

(दृश्य : रात्रीचे १० वाजलेले. पोलिसांची गाडी. स्पीकर उतरवणारी माणसे.)

या धंद्याची दुसरी बाजू आम्हाला टाळायची नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पिकअपसमोर ती कधीच ओलांडलेली असते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणाऱ्या कानाला १०० डेसिबल पंधरा मिनिटेच सोसवतात, असे व्यावसायिक आरोग्याचे मापदंड सांगतात. आमच्या रिमिक्सकाराच्या डाव्या कानात रात्रभर शिट्टी वाजते. आता तो गाडीमागे चालत नाही, आणि शिकायला येणाऱ्या मुलांना कानांत बोळे घालायला लावतो. दवाखान्यासमोर आणि शाळेसमोर ठोका बंद करण्याची अट तो साउंड वाल्यांना घालतो, ती सगळे पाळत नाहीत.

कायद्याचा दुसरा फटका त्याच्या घरात येऊन बसला. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. मूळ ध्वनिमुद्रण कापून-जोडून नवा ट्रॅक करणे आणि तो इंटरनेटवर चढवणे यांना मात्र ती लागू होत नाही. तक्रारी आल्या आणि त्याचे व्हिडिओचे खाते एका रात्रीत बंद झाले. अनेक वर्षांचे काम, त्याखाली लिहिलेली माणसांची मनोगते, सारे गेले. तो तीन महिने संगणकासमोर बसला नाही. तक्रार करणाऱ्यांचा हक्क खरा होता, आणि त्याचे कष्टही खरे होते. आम्हाला यात दोघांपैकी कोणालाही खोटे म्हणता येत नाही.

त्यानंतर त्याने मार्ग बदलला. शेजारच्या तांड्यावर होळीला डफावर लेंगी म्हणणारी एक आजी आहे. कोणत्याही कंपनीने तिचा आवाज कधी मुद्रित केलेला नाही. कायद्याप्रमाणे गाणाऱ्याचाही आपल्या गाण्यावर हक्क असतो आणि तिच्या संमतीशिवाय ते मुद्रित करून विकता येत नाही, हे त्याला दारव्ह्याच्या एका वकिलांनी समजावले. साध्या मराठीत दोन पानी करार लिहिला गेला, तो तिच्या नातवाने तिला गोरमाटीत, म्हणजे तिच्या बंजारा बोलीत, वाचून दाखवला, आणि मिळकतीचा अर्धा वाटा तिचा ठरला. तिच्या अंगणात, कोंबड्या झाकून ठेवून, तिची सहा गाणी त्याने उतरवली. या ट्रॅकांत त्याच्या टॅगच्या आधी तिचे नाव येते.

(दृश्य : तांड्यावरचे अंगण. आजी खाटेवर. लॅपटॉपला जोडलेला लहान स्पीकर.)

पहिले लेंगी गीत त्याने नेहमीप्रमाणे शब्दाशब्दाने ठोक्यावर बसवले आणि तिला ऐकवले. तिने डोळे मिटून दोन कडवी ऐकली, तिसऱ्याला हात वर केला आणि म्हणाली, “इथं मी दम घेते बाप्पा, तू कायले भरून टाकलं?” त्याने दोन ओळींमधली ती मोकळी जागा ठोका चुकू नये म्हणून आवळली होती आणि श्वासाचा आवाज कचरा समजून पुसला होता. त्या रात्री त्याने मूळ मुद्रण पुन्हा उघडले. पहिली दोन कडवी मिनिटाला १२८ च्या ठोक्यावरच राहिली. तिसऱ्याच्या तोंडाशी चार मात्रांपुरता ठोका आणि बेस दोन्ही काढून टाकले आहेत, आणि तेवढ्यात म्हातारीचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. येत्या तुळशीच्या लग्नानंतर हा ट्रॅक गाड्यांवर जाईल. मधेच गाणे बंद पडल्यासारखे वाटते, म्हणून दोन साउंड वाल्यांनी ती जागा भरून मागितली आहे. त्याने अजून भरून दिलेली नाही.