बोर्ड कुठपर्यंत आला होता?

मंडळी, नमस्कार. मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता घरचा कूलर सोडून नागपूरची एवढी माणसं तळहाताएवढ्या बोर्डाबद्दल, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरबद्दल, ऐकायला येतात, म्हणजे बऱ्याच जणांचे बोर्ड घरी बंद पडलेले असणार. काहींनी पिशवीतून सोबत आणलेलेही दिसतायत. शेवटी बघू.

मला येणाऱ्या फोनची सुरुवात ठरलेली असते. "सर, कालपर्यंत मस्त चालू होता, आज बूटच होऊन नाही राहिला." माझा प्रश्नही ठरलेला: कुठपर्यंत आला होता? यावर पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग उत्तर येतं, "ते नाही माहीत, पण कार्ड फॉरमॅट करून नवीन इमेज टाकली ना मी." झालं! इमेज म्हणजे सिस्टिमची तयार प्रत; ती टाकली की कार्डावरचं जुनं सगळं पुसलं जातं. पुरावा गेला. नव्या इमेजवर बोर्ड चालू झाला तर आनंद, पण तो का बंद पडला होता हे कळलेलं नसतं, त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. बूट न होणं, म्हणजे सिस्टिम सुरूच न होणं, हा एक बिघाड नाही. वीज दिल्यापासून लॉगिन येईपर्यंत पाच-सहा जण एकमेकांच्या हातात काम सोपवत जातात. त्यातल्या कोणाच्या हातून ते सुटलं, एवढं आधी शोधायचं.

रास्पबेरी पायचं बघा. जुन्या मॉडेलांत, म्हणजे पाय ३ पर्यंत, आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा भाग. आपला मुख्य एआरएम प्रोसेसर तेव्हा झोपलेलाच असतो. चिपमधला रॉम, म्हणजे कारखान्यातच कोरलेला प्रोग्रॅम, कार्डाच्या फॅट पार्टिशनमधून (विंडोजलाही वाचता येणाऱ्या भागातून) बूटकोड डॉट बिन उचलतो, ती फाइल स्टार्ट डॉट ईएलएफला बोलावते, ती कॉन्फिग डॉट टीएक्सटी वाचते, मग डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे त्याची यादी) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत चढवते आणि तेव्हा कुठे एआरएम चालू होतो. पाय ४ मध्ये बूटकोडची जागा बोर्डावरच्या छोट्या ईईप्रॉम मेमरी चिपने घेतली. पाय ५ मध्ये तर स्टार्ट डॉट ईएलएफचीही गरज उरली नाही. पाय ४ आणि ५ ला कार्ड न घालता, पण स्क्रीन जोडून वीज द्या. काही सेकंदांत निदानाचं पान दिसतं. ते दिसलं तर बोर्ड जिवंत आहे, आणि दोष कार्डात किंवा कार्डावरच्या फाइलींत शोधायचा. नाही दिसलं, तर वेगळ्या कार्डावर रास्पबेरी पाय इमेजरमधून बूटलोडर (सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) दुरुस्तीची इमेज लिहून ती लावा. काम झालं की पूर्ण स्क्रीन हिरवी होते.

हिरव्या दिव्याकडे तर कोणी बघतच नाही. तो उगाच लुकलुकत नसतो, मोजा. चार वेळा लुकलुकून थांबतोय आणि तेच पुन्हा पुन्हा करतोय, तर स्टार्टची फाइल सापडली नाही. सात वेळा, तर कर्नलची फाइल सापडली नाही. आठ वेळा, तर मेमरीचा दोष. तिथे कार्डाशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तसाच राहिला, तर फर्मवेअर (कर्नलच्या आधीचा प्रोग्रॅम) चाललं, पण पुढे कर्नल उठला नाही.

आता वीज. "ॲडाप्टर तर पासष्ट वॅटचा आहे," हे वाक्यही ओळखीचं. अहो, तो पासष्ट वॅट वीस व्होल्टवर देतो, लॅपटॉपला. तुमच्या पायला पाच व्होल्ट लागतात आणि पाचवर तो बहुधा तीनच अँपिअर देणार. पाय ४ ला ते पुरतं. पाय ५ ला पाच अँपिअरचा ॲडाप्टर हवा. तो नसेल तर बोर्ड आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून सहाशे मिलिअँपिअरवर अडवतो आणि तिथे लावलेली एसएसडी मान टाकते. पण माझ्या अनुभवात ॲडाप्टरपेक्षा केबल जास्त दगा देते. बर्डीच्या बाजारातून साठ रुपयांत आणलेली लांबलचक केबल घ्या. तिच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.२ ओहम धरू. बोर्डाने दोन अँपिअर ओढले की ०.४ व्होल्ट केबलच खाऊन टाकते. पाचातून उरले ४.६. आणि पाय कमी दाबाची तक्रार करतो ४.६३ व्होल्टच्या खाली! म्हणजे नुसत्या केबलने तुम्हाला रेषेखाली नेलं. अशा वेळी बोर्ड सुरुवातीला उठतो, कारण तेव्हा तो फार वीज ओढत नाही. कर्नल चालू होतो, चारही कोअर कामाला लागतात, वाय-फाय जागं होतं आणि नेमका तिथे रीस्टार्ट. लोक दोष देतात लिनक्सला. बी प्लसपासून पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत विजेचा लाल दिवा मध्येच विझत असेल, तर पुढचं काही तपासू नका, आधी केबल बदला.

विजेचाच दुसरा प्रकार आपल्याकडचा. उन्हाळ्यातलं वादळ आलं, लाइट गेली, आली, पुन्हा गेली. दाब थोडा वर-खाली होणं ॲडाप्टर सांभाळून घेतो. अचानक जाणं मात्र कार्डाला बाधतं. एसडी कार्डाच्या आत स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि तो आपल्याला न विचारता डेटा इकडून तिकडे हलवत असतो. नेमकी तेव्हा वीज गेली, तर तुम्ही महिनाभर हात न लावलेली फाइलसुद्धा खराब होऊ शकते. "मी तर काहीच बदललं नव्हतं" हे म्हणणं म्हणूनच अनेकदा खरं असतं. काटोलकडे संत्र्याच्या बागेत ओलाव्याचे सेन्सर लावून पाय ठेवायचा असेल, तर लहानसा यूपीएस लावा, किंवा रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातून ओव्हरले चालू करून कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवा. दोन्ही केलं तर उत्तमच.

खोट्या कार्डांचंही सांगतो, कारण त्यात डोकं फार खराब होतं. वरून चौसष्ट जीबी छापलेलं, आत आठच. बोर्ड पहिल्यांदा व्यवस्थित बूट होतो, कारण हलकी सिस्टिम दोन-तीन जीबीत मावते. मग सिस्टिम पार्टिशन वाढवून सांगितलेल्या चौसष्टपर्यंत ताणते, तुम्ही काहीबाही इन्स्टॉल करता, आणि एक दिवस लिखाण आठच्या पलीकडे जातं. कार्ड "लिहिलं" म्हणतं, पण लिहिलेलं कुठेच नसतं. पुढच्या बूटला फाइलसिस्टिम फाटलेली. एफथ्री नावाचं छोटं मोफत साधन आहे, लिनक्सवर चालतं. कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. नवीन कार्डावर ते आधीच चालवावं, रात्रभर लागलं तरी. आणि विंडोजमध्ये कार्ड घातलं की "फॉरमॅट करायचं का?" असं विचारणारी खिडकी येते, तिला नाहीच म्हणा. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

मागून प्रश्न आलाय, की ऑरेंज पायवरही, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या अशाच बोर्डावर, असंच का? नाही, आणि इथे बरेच जण फसतात. पायमध्ये फॅट पार्टिशनवर फाइली ठेवल्या की काम होतं. अनेक ऑरेंज पायवर असते त्या ऑलविनर चिपच्या बोर्डांत चिपचा रॉम फाइली बघतच नाही. तो कार्डाच्या सुरुवातीपासून आठ केबीवर कच्चा लिहिलेला लोडर शोधतो. रॉकचिपमध्ये हीच जागा बत्तीस केबीवर असते. म्हणजे कार्डावर फाइली कॉपी-पेस्ट करून हे बोर्ड कधीच उठणार नाहीत, पूर्ण इमेज सेक्टर-सेक्टर लिहावी लागते. शिवाय इमेज नेमक्या त्याच मॉडेलची हवी. नाव जवळपास सारखं असलं तरी रॅम आणि विजेची मांडणी वेगळी असते.

आता मला जिथे जास्त वेळ घालवायचाय तिथे येतो. ही बघा, यूएसबी ते सिरिअलची पट्टी. दोन-तीनशे रुपयांत मिळते. स्क्रीन काळी असते तेव्हासुद्धा बोर्ड बोलत असतो, फक्त या तारेवर. पायच्या चाळीस पिनांमध्ये सहावी पिन ग्राउंड, आठवी बोर्डाची पाठवणारी, दहावी घेणारी. ग्राउंडला ग्राउंड, आणि बाकी दोन तिरप्या: बोर्डाची पाठवणारी पट्टीच्या घेणारीला. चौथी तार, पाच व्होल्टवाली, लावायचीच नाही. पट्टीवर जंपर असेल तर तो ३.३ व्होल्टवर हवा; पाचवर राहिला तर बोर्डाची पिन जळते आणि मग खरंच बूट होत नाही! कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये इनेबल अंडरस्कोअर यूआर्ट बरोबर १ अशी ओळ टाका, लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठेवा. रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांचा वेग १५,००,००० असतो. तिथे कचऱ्यासारखी अक्षरं आली तर आधी वेग तपासा, आणि पट्टीच्या चिपला तो झेपतो का तेही. साध्या सीपी२१०२ ला तो झेपत नाही.

एकदा ओळी दिसायला लागल्या की शेवटच्या चार ओळींचा फोटो काढा. यू-बूट (अशा बोर्डांचा बूटलोडर) बोलला, "स्टार्टिंग कर्नल" आलं आणि पुढे चिडीचूप. याचे अर्थ दोन. एक तर चुकीची डिव्हाइस ट्री गेली, किंवा कर्नल उठलाय पण त्याला बोलायला कुठलं पोर्ट ते सांगितलेलं नाही. दुसरं तपासायला राउटरच्या यादीत बोर्डाचं नाव आलंय का बघा. कित्येक "बंद" बोर्ड तिथे निवांत बसलेले सापडतात!

सगळ्यात जास्त दिसणारी ओळ म्हणजे कर्नल पॅनिक, आणि तिच्यात "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक" असं लिहिलेलं. लोक पॅनिक शब्द वाचून स्वतःच पॅनिक होतात आणि कंसातले आकडे वाचतच नाहीत. सगळी बातमी तिथे आहे. (०,०) असेल तर कर्नलला रूटचं, म्हणजे सिस्टिम ज्यावर आहे ते, साधनच सापडलं नाही. सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमधला (कर्नलला द्यायच्या सूचनांच्या फाइलीतला) पार्टिशनचा आयडी कार्डाच्या खऱ्या आयडीशी जुळवून बघा, किंवा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये) घालायचा राहून गेलाय का ते. (१७९,२) असेल तर कार्डाचं दुसरं पार्टिशन सापडलंय, पण वाचता येत नाहीये. मग कार्ड दुसऱ्या लिनक्सवर लावून एफएससीके हे फाइलसिस्टिम तपासणारं साधन चालवा. आणि ती सीएमडीलाइनची फाइल एकाच ओळीत हवी. नोटपॅडमध्ये उघडून मध्ये एंटर मारला की पुढचं सगळं वाया.

पॅनिक नाही, पण "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणत दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड येतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा एफस्टॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) अशी पेनड्राइव्ह लिहिलेली असते जी आता लावलेली नाही. ही टक्केवारी माझ्या मनाची, कुठे छापू नका. त्या ओळीत नोफेल (नसेल तर थांबू नको) घाला. पाय ओएसवर वर "रूट अकाउंट लॉक्ड" अशी सूचना येते आणि शेलही (आदेश लिहायची जागा) मिळत नाही. तेव्हा कार्ड दुसऱ्या मशीनवर लावून ती फाइल सुधारायची, किंवा सीएमडीलाइनच्या शेवटी इनिट बरोबर स्लॅश बिन स्लॅश एसएच जोडायचं.

हलक्या सिस्टिमचं एक वेगळंच दुखणं आहे. डाएटपाय काय किंवा आर्मबियन काय, कार्ड झिजू नये म्हणून लॉग, म्हणजे नोंदी, रॅममध्ये ठेवतात. गुण चांगलाच आहे. पण बोर्ड अडकला, तुम्ही वायर ओढली, की कालच्या बूटमध्ये काय झालं याची नोंद वायरीबरोबर गेली. म्हणूनच या सिस्टिमवर मी सिरिअल पट्टीचा इतका आग्रह धरतो. अल्पाइन हे असंच हलकं लिनक्स तर डिस्कलेस पद्धतीत पूर्णच रॅममधून चालतं. एलबीयू कमिट, म्हणजे बदल कार्डावर जतन, केलं नाही तर रीस्टार्टनंतर तुमचं वाय-फाय, तुमचे पासवर्ड, सगळं कोरं. बोर्ड बूट झालेला असतो, पण नेटवर्कवर सापडत नाही, आणि आपण समजतो मेला. शिवाय तिथे सिस्टिमडी (सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) नाही, त्यामुळे उबुंटूसाठी दिलेले अर्धे उपाय तिथे चालतच नाहीत.

जाता जाता त्या ताईंनी आणलेल्या झिरो डब्ल्यू या छोट्या पायबद्दल. त्यांनी सांगितलं की "सात वेळा लुकलुकतो, कार्ड नवीन, केबल नवीन." ताई, इमेज चौसष्ट बिटची घेतलीय तुम्ही. झिरो डब्ल्यूचा प्रोसेसर जुना, बत्तीस बिटचा एआरएमव्ही६ आहे. त्याला हवी असते कर्नल डॉट आयएमजी, आणि तुमच्या कार्डावर आहे फक्त कर्नल८ डॉट आयएमजी. सात लुकलुकी बरोबरच सांगत होत्या. पाय ओएसची बत्तीस बिटवाली लाइट घ्या, किंवा अल्पाइन हवं असेल तर त्यांची आर्मएचएफ इमेज. पण डेबियनच्या मूळ साइटवरची आर्मएचएफ नको हं, ती एआरएमव्ही७ साठी बांधलेली असते आणि झिरोवर चालत नाही. चला, बाकीचे बोर्ड टेबलावर घ्या. ज्यांनी केबल घरून आणलीय त्यांनी तीच लावा, माझी नको.