शेळ्यांनी आखलेली सायकलवाट

श्रोतेहो, नमस्कार.

आज डोंगरातल्या सायकलवाटांबद्दल बोलायचं आहे. साधी सायकल आपल्याकडे घरोघरी असते, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? पण जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली माउंटन बाईक आता चाळीसगाव, धुळे, शहाद्याच्या पोरांकडेही दिसू लागली आहे. आणि ही पोरं ती घेऊन फिरतात कुठे, तर हायवेवर, ट्रकच्या कडेकडेने. मला ते पाहवत नाही. आपल्या खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. आपण हायवेवर का जायचं?

हा खेळ वाढला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. १९७६ साली तिथल्या तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर एका उताराच्या वाटेने शर्यती सुरू केल्या. पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असायचा त्या सायकलींना. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळायचं, धूर निघायचा, आणि मग हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. पुढे १९९६ला अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाईकची शर्यत आली.

आता आमच्या टेकडीची गोष्ट सांगतो.

माझ्या आतेभावाचं शेत चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. शेताला लागून त्याचीच एक बरड टेकडी. मुरूम, कुसळी गवत, थोडी बोरं आणि हिवर. चार वर्षांपूर्वी त्याची दोन मुलं माझ्या मागे लागली, काका, आपण इथे सायकलची वाट करू. मी लगेच हो म्हटलं. टिकाव, फावडी, घमेली घेतली आणि एप्रिलभर पहाटे पाच ते आठ खपलो. टेकडीचा माथा ते खालचं निंबाचं झाड, सरळ रेघ. दोनशे मीटर. मे महिन्यात मुलं त्यावरून अशी सुटायची की खाली येईपर्यंत त्यांचं ओरडणं थांबत नसे. मीही चार-पाच वेळा उतरलो. फार आनंद झाला होता.

जूनमध्ये एका संध्याकाळी तासभर पाऊस पडला. तासभरच. सकाळी जाऊन पाहतो तर आमच्या वाटेची घळ झालेली, गुडघाभर खोल. तिथला सगळा मुरूम वाहून खाली आतेभावाच्या कपाशीत बसला होता. नुकत्याच उगवलेल्या चार ओळी मुरमाखाली गेल्या. आणि त्याहून वाईट म्हणजे, पलीकडच्या वस्तीवरची एक माय रोज पहाटे त्या टेकडीवर शेळ्या घेऊन येते, ती अंधारात त्या घळीत पडली होती. मनगट सुजलं होतं. आम्ही तिच्या घरी गेलो. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "तुम्हीन पानीले वाट करी दिधी, मंग ते तठेनच जाई ना भाऊ."

पाण्याला वाट करून दिली, मग ते तिथूनच जाणार. श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

हात बरा होईपर्यंत तिच्या शेळ्या कोण चारणार? आतेभावाने मुलांना सांगितलं, तुमच्यामुळे झालं, तुम्ही चारा. तीन आठवडे दोघं शेळ्यांमागे फिरले. आणि धाकटा एके दिवशी धावत आला. "काका, शेळ्या कधीच सरळ उतरत नाहीत!" मी गेलो पाहायला. खरंच. टेकडीच्या अंगावर वीतभर रुंदीची पाऊलवाट होती, वर्षानुवर्षं शेळ्यांनी तुडवलेली. आडवी, तिरकी, मोठ्या दगडाला वळसा घालून जाणारी. उतरता उतरता मध्येच ती दोन पावलं वर चढायची, मग पुन्हा उतरायची. तो चढ जिथे सुरू होत होता, तिथे पाणी वाटेवरून बाजूला गवतात निघून गेल्याच्या खुणा होत्या. इतक्या पावसातही ती वाट जशीच्या तशी.

मग आम्ही उतार पाहायला तीन बांबू बांधून ए-आकाराची चौकट केली, मधे दोरीला दगड टांगला. समतल चर खोदताना ज्यांनी श्रमदान केलंय त्यांना ही चौकट माहीतच आहे. शेळ्यांची वाट सोडून, पण तिच्याच चालीने, पावसाळा संपल्यावर नवी वाट आखली. दोनशे मीटरची आठशे मीटर झाली. जुन्या घळीत आडवे दगड रचून ती बुजवत आणली. कपाशीतला मुरूम तर मुलांनी हातांनीच वेचला. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आम्ही बॅटरी घेऊन रात्रीच टेकडीवर गेलो. एकच वळण खचलं होतं, जिथे घाईघाईत आमच्याकडून तो दोन पावलांचा चढ द्यायचा राहून गेला होता.

तर मुद्दा तोच. आधी पाण्याला बाजूला काढा, मग सायकलला वाट द्या. जगभर वाटा बांधणारे लोक हेच आकड्यांत सांगतात. टेकडीचा जितका उतार, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार कमी हवा. सरासरी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा पावलं चालल्यावर एक पाऊल उंची. आणि वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला, पाच टक्क्यांच्या आसपास. पुन्हा सांगतो, दरीच्या बाजूला. डोंगराच्या बाजूला कलला की तिथे नालीच तयार होते. काळ्या मातीत वाट काढू नका, ती चाकाला थापली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. मुरूम उत्तम.

जागा थोडी असेल तर पंप ट्रॅक करता येतो. मातीचे उंचवटे एकापुढे एक, वळणावर उभा बांध. त्यावर पेडल न मारता, नुसतं अंग खालीवर करून सायकल पळते. लहान मुलांना तोल शिकवायला याच्यासारखं काही नाही. आणि हो, दहा वर्षांच्या मुलाला एकवीस गिअरची सायकल घेऊन देऊ नका. आधी ब्रेक शिकू द्या. ब्रेक चांगले घ्या, गिअर नंतर.

गवताचंही बोलून घेतो. हिवाळा संपला की लोक टेकड्या पेटवतात, नवा चारा चांगला येतो म्हणतात. नका हो पेटवू. वाट धरून ठेवणारी मुळं त्या गवताचीच असतात, आणि घरटी जळतात ती वेगळीच.

जंगलात जायचं तर विचारून जा. यावलचं अभयारण्य असो की गौताळा, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही, वाट खोदणं तर दूरच. जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेला विचारा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं जंगल स्वतः नियम करून राखलं, त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ला पद्मश्री मिळाली. अशा गावाच्या जंगलात आपण पाहुणे. चढणाऱ्याला आधी वाट द्या. मोळी घेतलेल्या बाईला, गुरांना, शेळ्यांना तर थांबूनच द्या. घंटी हवीच.

उन्हाळ्यात नको, आपला मे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर जा. बोरीबाभळीचे काटे टायरात जातातच, तेव्हा पंप आणि पॅचचं सामान सोबत ठेवा.

ती माय अजूनही पहाटे येते. आता कधी कधी शेळ्या आमच्या वाटेनेच उतरतात. मुलं तेव्हा सायकली आडव्या टाकून कडेला बसून राहतात, शेवटची शेळी खाली जाईपर्यंत.

येत्या पावसाळ्यात तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर छत्री घेऊन एकदा उभे राहा. पाणी कुठून कुठे जातं ते पाहा, वहीत काढून ठेवा. टिकाव दिवाळीनंतर उचलू.

नमस्कार.