76 खुर्च्यांपैकी 7

(दृश्य: मन्रोव्हिया शहर. रस्त्याकडेच्या मैदानात पांढऱ्या कपड्यांतल्या बायका. 2003 चं संग्रहित चित्रण.)

एप्रिल 2003. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी, मन्रोव्हिया. मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या मैदानात बायका येऊन बसल्या आहेत. अंगात पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरे रुमाल. ऊन तापलं तरी उठत नाहीत, पाऊस आला तरी उठत नाहीत. जागा विचार करून निवडली आहे. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा याच रस्त्याने ये-जा करतो.

मागण्या तीनच. लढाई थांबवा, बोलणी करा, बाहेरून शांतिसेना येऊ द्या.

चर्चमधल्या बायका लेमा ग्बोवी यांच्यामागे आल्या होत्या. मुस्लिम बायकांना असातू बा केनेथ घेऊन आल्या, आणि त्या स्वतः पोलीस अधिकारी होत्या. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध बसायचं, त्याच सरकारचा पगार घेणारी बाई मैदानात. यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बंदर, चर्च, टोप्या घातलेले पुढारी.)

युद्ध का पेटलं, ते समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांना, गुलामीतून सुटलेल्यांना इथे आणून वसवलं गेलं. 1847 मध्ये त्यांनी स्वतंत्र देश जाहीर केला. पण इथे आधीपासून राहणारे क्पेल्ले, बासा, मानो, गिओ, क्राहन असे कितीतरी समाज होते, त्यांना या देशात वाटा मिळाला नाही. मूठभर वसाहतकऱ्यांचे वंशज आणि त्यांचा एकच पक्ष यांनी शतकभर राज्य केलं. 1979 मध्ये तांदळाचे भाव वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि राजधानीत दंगल उसळली. पुढच्याच वर्षी सॅम्युएल डो या क्राहन हवालदाराने राष्ट्राध्यक्षाला ठार करून सत्ता घेतली. लोक रस्त्यावर नाचले. मग डो यांनी आपल्याच जमातीची माणसं जागोजागी बसवली. सत्तेचा मालक बदलला, वाटणीची रीत तीच राहिली.

1989 च्या नाताळच्या आदल्या दिवशी टेलर यांचे बंडखोर निंबा प्रांतात घुसले. पुढची 14 वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, हा देश जळत होता. साधारण 30 लाख लोकवस्तीत अडीच लाखांपर्यंत माणसं गेली असं सांगतात. मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या. 1997 मध्ये निवडणूक झाली तेव्हा टेलर यांच्या प्रचारात पोरं गात फिरत होती: त्याने माझी आई मारली, बाप मारला, तरी मत त्यालाच. तीन चतुर्थांश मतं टेलर यांना पडली. हरला तर पुन्हा जंगलात जाईल, ही भीती. ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढाच त्या निकालाचा अर्थ. पुढे टेलर यांच्याविरुद्धही नवे बंडखोर गट उठले.

(दृश्य: अक्रा, घाना. सभागृहाच्या काचेच्या दारासमोर बसलेल्या बायका.)

जून 2003 मध्ये घानात बोलणी सुरू झाली. टेलर आले, आणि त्याच दिवशी शेजारच्या सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने तिथल्या युद्धगुन्ह्यांबद्दल त्यांच्यावरचं आरोपपत्र उघड केलं. ते तडक परत गेले. बंडखोर गटांचे प्रतिनिधी मात्र हॉटेलात मुक्काम ठोकून होते. एसी, जेवण, भत्ता. आठवडे गेले. तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते, इकडे कोणाला कोणतं खातं यावर घासाघीस चालली होती.

जुलैत बायकांचा संयम संपला. त्या सभागृहाच्या दाराशी हातात हात अडकवून बसल्या. तोडगा निघेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. सुरक्षारक्षक ग्बोवी यांना अटक करायला आले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि अंगावरचे कपडे उतरवायला लागल्या. आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा पश्चिम आफ्रिकेत शाप मानतात. रक्षक जागच्या जागी थबकले. एक बंडखोर नेता बायकांना ओलांडून निघू पाहत होता. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी शासक अब्दुलसलामी अबुबकर. त्यांनी त्यालाच आत पिटाळलं.

11 ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेले. 18 ऑगस्टला करार झाला.

आता तो करार जरा जवळून बघू, कारण इथेच घोडं पेंड खातं. हंगामी विधानसभेत 76 जागा. टेलर यांच्या जुन्या सरकारला 12, लर्ड या बंडखोर गटाला 12, मॉडेल या दुसऱ्या गटाला 12. राजकीय पक्षांना 18, प्रांतांना 15. आणि स्त्रिया, तरुण, संस्था, संघटना या सगळ्यांना मिळून 7. अर्थ आणि न्याय खातं एका बंडखोर गटाकडे, परराष्ट्र आणि शेती दुसऱ्याकडे, संरक्षण जुन्या सरकारकडे. दारात बसलेल्यांनी करार घडवला, आणि आत बसलेल्यांनी तो आपापसांत वाटून घेतला.

असं केलं नसतं तर बंदुका खाली ठेवल्या असत्या का? कदाचित नाही. पण किंमत चुकवावी लागली. हंगामी सरकारने तिजोरी इतकी धुतली की 2005 मध्ये देणगीदार देशांनी अट घातली: मध्यवर्ती बँक, बंदर अशा महत्त्वाच्या ठिकाणी परदेशी अधिकारी बसतील आणि त्यांच्या सहीशिवाय पैसा हलणार नाही. स्वतंत्र देशाला ही नामुष्कीच. तरी मन्रोव्हियातल्या अनेकांना ती चालली, हेही खरं.

(दृश्य: शस्त्र जमा करण्याची छावणी. रांगा, काडतुसांचे ढीग.)

संयुक्त राष्ट्रांनी 15,000 सैनिकांची फौज मंजूर केली. 7 डिसेंबर 2003 ला पहिली छावणी उघडली, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पोरं येऊन धडकली. काही नशेत, सगळी पैशासाठी अधीर. गोळीबार झाला, माणसं मेली, मोहीम थांबवावी लागली. ती एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा बायका स्वतः छावण्यांवर जाऊन पोरांना समजावत होत्या. बंदूक नसली तरी ठरावीक काडतुसं आणली की नाव लागायचं आणि दोन हप्त्यांत 300 डॉलर मिळायचे. साहजिकच म्होरक्यांनी काडतुसं वाटली आणि पैशात हिस्सा घेतला. शेवटी नोंद झाली एक लाखाहून जास्त लढवय्यांची, आणि बंदुका जमल्या तीस हजारांच्या आत.

(दृश्य: मतदार नोंदणी, 2005.)

2005 च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत फुटबॉलपटू जॉर्ज विआ पुढे होते. बायकांच्या संघटना बाजारात उतरल्या. भाजीवाली, मासेवाली नोंदणीला जाते म्हणाली की दुसरी तिचं दुकान आणि तान्हं पोर सांभाळायची. दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सरलीफ 59 टक्के मतं घेऊन निवडून आल्या. निवडणुकीतून आलेल्या आफ्रिकेतल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

(दृश्य: निळ्या टोप्यांतल्या भारतीय महिला पोलीस, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर.)

आणि त्यांच्या कार्यालयाच्या दारात बंदूक घेऊन कोण उभं होतं? आपल्या सीआरपीएफच्या बायका. जानेवारी 2007 मध्ये सीमा धुंडिया यांच्या नेतृत्वाखाली शंभरावर महिला मन्रोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांची ही पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी. तिथले स्थानिक पोलीस बहुतेक निःशस्त्र, म्हणून रात्रीच्या गस्तीला या सोबत जायच्या. बलात्काराची तक्रार पुरुष पोलिसापुढे सांगायला न धजणाऱ्या बायका यांच्याशी बोलायला लागल्या. तुकड्या बदलत राहिल्या, काम फेब्रुवारी 2016 पर्यंत चाललं. त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांमधलं स्त्रियांचं प्रमाण 6 टक्क्यांवरून 17 वर गेलं. सगळं श्रेय त्यांचं नाही. पण वर्दीतली बाई रोज नजरेसमोर दिसणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

(दृश्य: बाँग प्रांत, टोटोटा. छपराखाली गोल बसलेल्या बायका.)

राजधानीबाहेर शांतता वेगळ्या रीतीने जमत होती. टोटोटासारख्या गावांत बायकांनी शांतता झोपड्या उभ्या केल्या. आपल्याकडच्या पारासारखीच ही जागा, फक्त पंच इथे बायका. नवऱ्याने मारलं, पोटगी दिली नाही, शेताची हद्द सरकवली, की दोघांना बोलवायचं. दोघांचं ऐकायचं, आणि ठरलेलं पाळलं जातंय का हे महिन्याभराने घरी जाऊन बघायचं. गंभीर गुन्हा असेल तर पोलिसांकडे. या कामाला बाहेरून लागतो तो खर्च म्हणजे छप्पर, थोडं प्रशिक्षण, फोन.

जमिनीचा प्रश्न मात्र झोपडीत सुटणारा नव्हता. निंबातल्या गांटा शहरातून युद्धात मँडिंगो लोक पळाले; परतले तेव्हा त्यांच्या घरात, दुकानात दुसरेच बसलेले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गावकीची जमीन कागदावर सरकारची. सप्टेंबर 2018 मध्ये कायदा झाला आणि गावाची परंपरागत मालकी मान्य झाली. त्याच महिन्यात स्थानिक स्वराज्याचाही कायदा झाला. तोवर गावच्या रस्त्याचा निर्णयसुद्धा मन्रोव्हियातून यायचा.

विश्वास नसला की काय होतं, हे इबोलाने दाखवलं. ऑगस्ट 2014 मध्ये वेस्ट पॉइंट ही मन्रोव्हियातली झोपडपट्टी सरकारने रातोरात सैन्य लावून बंद केली. दगडफेक झाली, गोळी चालली, एक मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. साथ आटोक्यात यायला गल्लीतल्या ओळखीच्या माणसांनी दारोदार जाणं भाग पडलं.

(दृश्य: शपथविधी, जानेवारी 2018. मग रेडिओ स्टुडिओ.)

2018 मध्ये सरलीफ गेल्या, विआ आले. एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे शांततेत सत्ता सोपवली, असं 1944 नंतर पहिल्यांदा घडलं. दोनच महिन्यांत शांतिसेना निघून गेली. नोव्हेंबर 2023 मध्ये विआ सुमारे 20 हजार मतांनी हरले. अंतिम निकाल जाहीर व्हायच्या आधीच त्यांनी रेडिओवरून हार मान्य केली आणि प्रतिस्पर्धी जोसेफ बोआकाई यांना फोन केला. शेजारच्या देशांत त्याच सुमारास लष्करी उठाव होत होते.

तरी खुर्च्यांचा हिशेब अजून जुळलेला नाही. संसदेत दहा जणांमागे स्त्री जेमतेम एक. घटनेनुसार नागरिकत्व फक्त कृष्णवर्णीयांना. म्हणून मन्रोव्हियात दोन-तीन पिढ्या दुकान चालवणारी लेबनीज आणि भारतीय कुटुंबं मतही देऊ शकत नाहीत, जमीनही घेऊ शकत नाहीत.

आणि न्याय? सत्यशोधन आयोगाने 2009 मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय मागितलं. टेलर यांना 50 वर्षांची शिक्षा झाली, पण ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या कत्तलींबद्दल लायबेरियातल्या न्यायालयात कोणालाच नाही. ज्यांच्या माणसांनी 1990 मध्ये डो यांचे हाल करून जीव घेतला आणि त्याचं चित्रीकरणही केलं, ते बंडखोर म्होरके प्रिन्स जॉन्सन 2005 पासून निंबाचे सिनेटर होते. दर वेळी लोकांच्या मतांनी. मे 2024 मध्ये बोआकाई यांनी न्यायालय उभारण्यासाठी कार्यालय स्थापन करण्याच्या आदेशावर सही केली. त्याआधी सिनेटमध्ये ठराव आला, त्यावर जॉन्सन यांचीही सही आहे. नोव्हेंबरमध्ये ते वारले, सिनेटर असतानाच.