कासच्या पठारावर प्रश्नावली घेऊन जाताना

श्रोते हो, नमस्कार.

सातारा शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात कासही आलं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं अशी फुलं येतात आणि ती बघायला माणसं येतात. पर्यटन आणि भूगोल या विषयांत एम. ए., एम. एस्सी. करणारी आपली मुलंमुलीही याच दिवसांत संशोधन प्रकल्पासाठी तिथे जातात. त्यांचं काम गावाच्या खरोखर उपयोगी पडावं, म्हणून आज ते करायचं कसं, एवढंच बोलायचं आहे.

सुरुवात विषयापासून. ‘कास पठारावरील पर्यटनाचा अभ्यास’ हे नाव वहीवर छान दिसतं, पण त्यात प्रश्नच नाही. उपयोजित संशोधनात प्रश्न कुणाचा तरी असावा लागतो. म्हणजे उत्तर हाती आल्यावर जो काहीतरी बदलू शकेल, त्याचा. प्रश्नावली लिहिण्याआधी वन व्यवस्थापन समितीचे लोक, ग्रामपंचायत, गाडीतळावर काम करणारी पोरं, भाकरीच्या टपऱ्या चालवणाऱ्या बाया, यांच्याशी निवांत बोला. ‘तुम्हाला काय कळलं तर पुढच्या हंगामात वेगळं कराल?’ असं विचारा. त्यातून ‘पर्यटकांच्या खर्चातले किती पैसे आपल्या गावांत राहतात?’ यासारखा प्रश्न निघतो. आज उदाहरणाला हाच प्रश्न घेऊ.

किती लोकांना विचारायचं? पुस्तकातलं सूत्र ३८४ सांगतं : ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक. म्हणजे असाच अभ्यास शंभरदा केला तर पंच्याण्णव वेळा उत्तर खऱ्या टक्केवारीच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे येईल. एकूण पर्यटक ३,००० धरले, तर सुधारणा करून तोच आकडा ३४१ वर येतो. पण हे गणित प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे निवडला आहे असं धरून चालतं. एका गाडीतल्या चौघांना विचारलं तर खर्चाचं उत्तर बहुधा एकच मिळतं आणि फॉर्म मात्र चार भरतात. म्हणून एका गाडीमागे एकच फॉर्म. शिवाय सगळे फॉर्म एकाच रविवारी भरले, तर तो अभ्यास त्या रविवारचा झाला, हंगामाचा नव्हे.

उभं कुठे राहायचं, यावर निम्मा निकाल ठरतो. पठारावर हिंडत, दिसेल त्याला गाठलं, तर जे जास्त वेळ रेंगाळतात तेच जास्त सापडतात. तीन तास थांबणारा माणूस अर्ध्या तासात परतणाऱ्याच्या सहापट वेळ तुमच्यासमोर असतो. शिवाय जाताना विचारलं तर खर्च अजून व्हायचाच असतो. तेव्हा गाडीतळाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर उभे राहा. दिवसाला अंदाजे ६०० गाड्या असतील आणि ६० फॉर्म हवे असतील, तर दर दहावी गाडी. पहिली कितवी, ते एक ते दहामधली चिठ्ठी काढून ठरवा. जोडीने काम करा, एकाने फक्त गाड्या मोजायच्या आणि दुसऱ्याने बोलायचं. एकच जण दोन्ही करायला गेला की मोजणी चुकते आणि नकळत हसतमुख माणसंच निवडली जातात. दहाव्या गाडीने नकार दिला तर तो वहीत लिहा. वेळ, गाडीचा प्रकार, किती माणसं. गुपचूप अकरावी धरू नका. नकार देणारे बहुतेक घाईत असलेले, लांबचे, लहान मुलं बरोबर असलेले असतात. ते गळाले तर निकाल कुठे कलंडला, हे त्या वहीवरूनच कळतं.

खर्च एकरकमी विचारला की लोक गोल आकडा सांगतात. प्रवास, तिकीट, खाणं, राहणं, खरेदी असे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे पैसे कुठे दिले तेही लिहा : पठाराजवळच्या गावांत, साताऱ्यात, की जिल्ह्याबाहेर. पुण्याहून डिझेल भरून आलेल्या गाडीचा इंधनखर्च मोठा असतो, पण त्यातला रुपयाही इथे उतरत नाही. हे पैसे किती जणांचे, तेही विचारायला विसरू नका. ती एक चौकट राहिली की माणशी खर्च काढताच येत नाही.

आता गणितातली एक जागा, जिथे चांगले प्रकल्प घसरतात. समजा, हे आकडे केवळ उदाहरणाचे, मंगळवारी ५०० पर्यटक आले आणि माणशी खर्च ३०० रुपये निघाला. रविवारी २,५०० आले, खर्च ६०० रुपये. दोन्ही दिवशी शंभर शंभर फॉर्म भरले म्हणून साधी सरासरी काढली तर ४५० येते. गर्दीचा भार दिल्यावर, म्हणजे ज्या दिवशी जितकी माणसं तितक्यांदा तो खर्च धरल्यावर, येते ५५०. म्हणून फॉर्म भरण्याइतकीच एकूण माणसांची मोजणी महत्त्वाची. दर १५ मिनिटांनी आकडा लिहायचा, दिवसभर.

टपरीवाल्यांकडे मात्र छापील प्रश्नावली घेऊन जाऊच नका. ‘मावशी, महिन्याचं उत्पन्न किती?’ म्हटलं की संशय येतो, आणि यायलाच हवा. त्याऐवजी ‘रविवारी किती किलो पीठ लागतं? मंगळवारी किती?’ असं विचारा. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात. तिथून ताटांचा आणि विक्रीचा अंदाज बांधता येतो. पीठ कुठून आणलं, हाताखाली गावातलं कोण आहे, उरलेल्या भाकरीचं काय होतं, हे त्याच ओघात कळतं. गिऱ्हाईक आलं की बाजूला सरका, त्यांचा हंगाम थोड्याच आठवड्यांचा असतो.

पायवाटेकडेची झीज मोजायची असेल तर वन विभागाची परवानगी आधी. एक मीटर लांबीरुंदीच्या चौकटीत दोऱ्या ओढून शंभर घरं करा. ज्या घरात माती उघडी ते एक टक्का. वाटेच्या काठापासून एक, दोन, पाच आणि दहा मीटरवर मोजा. पण कासचा जांभा दगड मुळातच जागोजागी उघडा असतो, माती जेमतेम असते. म्हणून तसाच दगड, तसाच उतार असलेली पण वर्दळ नसलेली तुलनेची जागा घ्यावीच लागते. नाहीतर निसर्गतः उघडा असलेला खडक पर्यटकांच्या माथी मारला जाईल. चौकटीचा सराव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर करा. पठारावर दोघांनीच आत जायचं, बाकीच्यांनी वाटेवर थांबून नोंदी घ्यायच्या. मोजायला गेलेल्यांनीच फुलं तुडवली तर कसलं संशोधन?

पाऊस आणि धुकं धरूनच तयारी करा. बॉलपेन ओल्या कागदावर नीट उमटत नाही, पेन्सिल चालते. मोबाईलवर फॉर्म घेत असाल तर रेंज नसतानाही चालणारं कोबोटूलबॉक्ससारखं साधन घ्या, आणि तरी वीसेक कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत असू द्या. फॉर्मवर नाव आणि मोबाईल नंबर नको, क्रमांक पुरे.

पूर्वचाचणी कासला फुलं येण्याआधी, ऑगस्टमध्ये ठोसेघरला करा. धबधब्यामुळे तेव्हा तिथे माणसं असतात. पंधरा-वीस फॉर्म भरून बघा. पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर प्रश्न कापा. ‘आपण समाधानी आहात का?’ हा पहिला कापा, त्याला सगळे हो म्हणतात.

अहवालाची महाविद्यालयाची प्रत वेगळी आणि गावाची वेगळी. गावाची दोन पानांची, मराठीत, मोठ्या अक्षरात : काय विचारलं, किती जणांना, किती नकार आले, काय निघालं, आणि कोणत्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. ती एप्रिल-मेपर्यंत समितीच्या हातात पडली पाहिजे, कारण गाडीतळ, टपऱ्या आणि माणसं यांची पुढच्या हंगामाची जुळवाजुळव पाऊस सुरू व्हायच्या आतच होते.